मेव्हिसचं उजवं इंजिन माझ्या पश्चात कोणाचं

मी, मर्टल इंगेबोर्ग सोरेन्सन, वय बहात्तर, राहणार डॅनविर्क, धंदा सहवैमानिक (डॉक्टरांच्या मते माजी), असं लिहून ठेवते की पुढचा मजकूर मी माझ्या अकलेने, माझ्या पेनाने आणि माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय मधूनच एखादा ठोका गाळतं, पण मृत्युपत्र डोक्याने लिहायचं असतं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला माझी बहीण डॅग्नी सकाळी येऊन गेली, तिला चहा पाजून परत पाठवलं. यापूर्वी रागाच्या भरात केलेली माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, आणि ज्या ज्या लोकांना मी त्यांत वगळलं होतं त्यांनी उगाच आशा धरू नये.

हे आजच का लिहायचं, तेही सांगते. मेव्हिस सोमवारी समुद्रापार दौऱ्यावर निघते आहे. मेव्हिस म्हणजे आमच्या हौशी विमान मंडळाचं जुनं प्रवासी विमान, डीसी-थ्री जातीचं, शेपूट जमिनीला टेकवून आणि नाक आभाळाकडे करून बसणारं. नॉरफोक बेटावरून फिजी, टोंगा, निऊए करत रॅरोटोंगा आणि आल्या वाटेने परत, हा आमचा दौरा. विमान मंडळाचं असलं तरी उजवं इंजिन माझं आहे. विमा कंपनीचं म्हणणं असं, की दौरा चालू असताना मी इकडे गचकले तर तिकडे रॅरोटोंगाला उजवं इंजिन वारसांच्या भांडणात अडकेल आणि डावं बिचारं एकटं घरी येऊ शकणार नाही. तेव्हा माझ्या पश्चात इंजिन कोणाचं, हे आज संध्याकाळपर्यंत कागदावर आलं नाही तर दौरा रद्द. विमेवाल्यांचा आणि माझा जन्मात पहिल्यांदा एकमताचा प्रसंग आला आहे.

कलम १. घर. हे घर, परसबाग आणि कोंबड्या डॅग्नीला. पडद्यांची मापं तिने मागच्या नाताळात मी झोपले आहे असं समजून घेतलीच आहेत. मी जागी होते. बैठकीतल्या खिडकीचं माप तिने चुकीचं घेतलं, तेवढं परत घ्यावं.

कलम २. भाजायचं मोठं पातेलं. हेही डॅग्नीला, पण माहिती देऊन. उभ्या असलेल्या मेव्हिसच्या उजव्या इंजिनाखाली ठिबकणारं तेल धरायला मी बरीच वर्षं हेच पातेलं लावते. ज्या दिवशी तेल ठिबकत नाही त्या दिवशी घाबरायचं, कारण याचा अर्थ इंजिनात तेलच उरलेलं नाही. नाताळाला मटण याच पातेल्यात भाजलं जायचं. "मर्टल, तुझ्या मटणाला कसली गं ही चव?" असं ती दरवर्षी विचारायची आणि दुसऱ्यांदा वाढूनही घ्यायची. आता तिला कळलं.

कलम ३. रेनकोट. पावसात मेव्हिसचं छप्पर बरोबर वैमानिकांच्या मांडीवर गळतं, म्हणून आम्ही आत बसताना रेनकोट घालतो. माझा रेनकोट उजव्या खुर्चीवर जो कोणी माझ्या जागी बसेल त्याला. या दौऱ्यावर तो मान मोठ्या विमान कंपनीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मिळाला आहे. फार सभ्य माणूस. इंजिन कसं चाललंय असं विचारलं की ते काट्याकडे बघतात. कान कशाला दिलेत देवाने, चष्मा अडकवायला?

कलम ४. रिपेका तामिहाना. शेजारीण रिपेकाला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेलं नाही, तिने रुसू नये. वकीलबाईंनी मला बजावून सांगितलं, की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातलं काही मिळत नाही, दिलं असलं तरी ते देणं रद्द होतं. रिपेका साक्षीदार आहे. म्हणून तिच्यासाठी ठेवलेल्या चटणीच्या बरण्या मी कालच कुंपणावरून तिच्या हातात दिल्या. त्यांतली एक तिने तिथेच उघडली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

कलम ५. लिंडसे क्रॉल. हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. यांचं स्वप्न असं, की मेव्हिसला रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर कायमचं उभं करायचं आणि तिच्या पोटात कॉफीचं दुकान काढायचं. मेनूकार्ड छापून तयार आहे. त्यात "कॅप्टनचा पाव" आणि "सहवैमानिकाचा छोटा पाव" असे मटण भरलेले दोन प्रकार आहेत, आणि माझं इंजिन गल्ल्याशेजारी फुलं खोचून ठेवलेलं दाखवलं आहे. मी सभेत विचारलं, लिंडसे, उडणाऱ्या बाईला खाली बसवून तिच्या पोटात पाव विकायला तुम्हाला काही वाटत नाही का? ते म्हणाले, मर्टल, आपण सगळेच कधी ना कधी खाली बसतो. या माणसाला माझ्याकडून एक तेलाचं फडकं द्यावं. वापरलेलं.

कलम ६. उजवं इंजिन. इथून पुढे नीट वाचावं, कारण बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे.

मेव्हिसचं धड, पंख, चाकं आणि ते गळकं छप्पर मंडळाचं. डावं इंजिन ऑब्री टिपीन याचं. उजवं माझं. ऑब्री हा मेव्हिसचा कॅप्टन आणि माझा पूर्वीचा नवरा. तो डाव्या खुर्चीवर बसतो, मी उजव्या, ज्याने त्याने आपापल्या इंजिनाशेजारी.

मंडळाला मेव्हिस मिळाली ती इंजिनांशिवाय, आम्ही नुकतंच लग्न ठरवलं होतं तेव्हा. माझे वडील विमानाने टेकड्यांवर खत टाकायचे. त्यांचं खताचं विमान मोडीत निघालं तेव्हा त्याचं एक इंजिन त्यांनी मला लग्नात दिलं. दुसऱ्या मुलींना कपबश्या मिळतात. ऑब्रीने त्याचं इंजिन एका बागेत मुलांना खेळायला ठेवलेल्या विमानातून सोडवून आणलं. त्याच्या सिलिंडरांतून लॉलीपॉपच्या काड्या निघाल्या. लग्न होतं तोवर हे मी फक्त घरात बोलत असे.

लग्न मोडलं ते पहिल्याच समुद्रापार दौऱ्यात, फिजी आणि टोंगाच्या मध्ये. दोन इंजिनांचे पंखे अगदी एका वेगाने फिरावे लागतात. जरा मागेपुढे झाले की सगळ्या विमानात वँव-वँव-वँव असा घुमारा सुरू होतो, आणि कोणीतरी आपली दांडी केसभर हलवून तो मोडायचा असतो. ऑब्री म्हणाला माझं इंजिन बरोबर आहे, तू तुझं हलव. मी म्हटलं माझं खताच्या टेकड्यांवर घडलेलं आहे, तुझ्या बागेतल्यालाच काय ते हलव. कोणीच हलवलं नाही. खाली नुसतं पाणी, वर नुसतं आभाळ, आणि टोंगापर्यंत वँव-वँव. मागे प्रवाशांच्या बशांमध्ये चमचे नाचत होते. एका बाईंनी कवळी काढून पर्समध्ये ठेवली, कारण ती तोंडात आपोआप चावत होती.

टोंगाला उतरलो ते एकमेकांशी न बोलता. आमच्यात याखेरीज काही मोडलेलं नव्हतं, पण हे असं मोडलं की जोडायला कोणी पहिला हात लावेना. न्यायाधीशांनी कागद बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले आणि डावं त्याला, उजवं तिला, असा निकाल दिला. आणखी काही वाटायचं आहे का, असंही विचारलं. मुलं नव्हती, आणि मांजर तसंही कोणाचं नव्हतं.

एका इंजिनावर दौरे होत नाहीत, त्यामुळे घटस्फोटानंतरही आम्ही शेजारीशेजारी बसून उडत राहिलो. बोलणं बंद. मात्र विमानात चेकलिस्ट मोठ्याने म्हणावीच लागते, एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तेव्हापासून आमचा सगळा संसार चेकलिस्टमध्ये झाला. तो "तेलाचा दाब?" असं कसं विचारतो यावरून त्याची पाठ दुखते आहे की नाही हे मला कळतं. एकदा मी "फ्लॅप वर" जरा तोडून म्हटलं, तर माणूस उतरल्यावर केस कापून आला. घुमाऱ्याचं म्हणाल तर त्यावरही न बोलता तोडगा निघाला. तो त्याचं इंजिन लावतो आणि हात मांडीवर ठेवतो. मग मी माझं त्याच्याशी जुळवते. तो थांबतो, म्हणून मी हलवते. यात हार कोणाची झाली हे अजून ठरलेलं नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या दौऱ्यात निऊएहून रॅरोटोंगाला जाताना माझ्या इंजिनाने तेल ओकलं. खिडकीची काच काळी झाली. ऑब्रीने विचारलं, "उजवं इंजिन?" मला "बंद" म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, कारण ते माझ्या वडिलांचं होतं. तो ओरडला नाही. लॉलीपॉपच्या काड्यांचा हिशोब चुकता करायला एवढी चांगली संधी त्याला पुन्हा मिळाली नसती, पण त्याने नुसतं पुन्हा विचारलं, अगदी हळू. मी "बंद" म्हटलं. बागेतल्या इंजिनाने आम्हाला आणि मागच्या सगळ्या म्हाताऱ्यांना रॅरोटोंगाला सुखरूप उतरवलं, हे मी इथे पहिल्यांदा लिहून देते. तोंडी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर हा बाबा शिडीवर, माझ्या इंजिनात हात घालून. फुटलेलं सिलिंडर काढून त्याने त्याच्या इंजिनासाठी जिवापाड जपलेलं एकुलतं एक जादा सिलिंडर माझ्या इंजिनाला बसवलं. खाली माझं पातेलंही लावून ठेवलं होतं. मी शिडीपाशी चहा ठेवला. त्याने प्यायला. यासाठी चेकलिस्टमध्ये काही शब्द नाहीत, म्हणून दोघंही गप्प राहिलो. मला त्या दिवशी फार रडू आलं आणि मी ते विमानाच्या शौचालयात उरकलं.

तेव्हा माझ्या इंजिनाच्या चौदा सिलिंडरांपैकी एक ऑब्रीचं आहेच. उरलेली तेराही मी माझ्या पश्चात त्यालाच देत आहे, म्हणजे मेव्हिस उडत राहील. दोन्ही इंजिनांचा मालक झाल्यावर तो गावात कसा मिरवेल याची मला पूर्ण कल्पना आहे. ते बघायला मी नसेन, एवढाच काय तो दिलासा. एक अट: वडिलांचे नट आवळायचे पाने ज्यात आहेत तो लाकडी डबा त्याने फेकू नये. आणि लॉलीपॉपच्या काड्यांबद्दल मी जे काही गावभर बोलले ते मागे घेत नाही.

कलम ७. वकीलबाई म्हणतात, ज्याला द्यायचं तो आधी मेला किंवा कायद्याने अपात्र ठरला तर पुढे कोणाला, हे लिहावंच लागतं. बरं. तसं झाल्यास उजवं इंजिन मंडळाकडे जावं, म्हणजे लिंडसे क्रॉल यांच्याकडे, म्हणजे गल्ल्याशेजारी, फुलांसकट. ऑब्री बैलासारखा धडधाकट आहे आणि अपात्र ठरण्याइतकी अक्कल त्याला नाही, तेव्हा हे मी बिनधास्त लिहीत आहे.

कलम ८. अंत्यविधी. माझी राख विमानातून समुद्रावर टाकू नये. आमच्या मंडळाचे संस्थापक हॅरल्ड यांची तशी इच्छा होती. फिजीच्या अलीकडे आम्ही टोप्या काढल्या, ऑब्रीने त्याच्या बाजूची खिडकी उघडली आणि डबा बाहेर धरला. उडत्या विमानाची खिडकी उघडली की बाहेरचं आत येतं, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, पण दुःखाच्या भरात कोणाला सुचलं नाही. हॅरल्ड सगळे आत आले. मागे चहा चालू होता. काही मंडळींनी आज चहाला दाटपणा आहे असं म्हटल्याचं आठवतं. हॅरल्डचा बराच भाग अजून सीटखालच्या फटींत आहे आणि दर दौऱ्याला टोंगा बघून येतो. मला पुरावं, वडिलांशेजारी, धावपट्टीकडे तोंड करून.

येणेप्रमाणे माझ्या मालकीचं जे काही आहे त्याची व्यवस्था मी लावली आहे. जे राहिलं असेल ते कोंबड्यांना.

ठिकाण: डॅनविर्क, न्यूझीलंड
दिनांक: २ मे १९९८, शनिवार

मर्टल इंगेबोर्ग सोरेन्सन (सही)

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:

१. रिपेका तामिहाना, शेजारीण (सही)

२. ऑब्री टिपीन, कॅप्टन (सही)

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, तेव्हा आता मोकळेपणाने लिहिते.

दुसरा साक्षीदार पोस्टमास्तर असणार होता. तो बोलिंगच्या सामन्याला गेला आणि सामना लांबला. रिपेका हात पुसत येऊन बसली होती, विमेवाल्यांकडे कागद पोचवायची वेळ होत आली होती, आणि तेवढ्यात मागच्या दाराशी ऑब्री, हातात फिजोआ फळांची पिशवी घेऊन. या दिवसांत गावात प्रत्येकाच्या झाडाला इतके फिजोआ लागतात की लोक गाडीची काच उघडी ठेवायला घाबरतात, कोणीतरी आत पिशवी टाकून जातो. ऑब्री दरवर्षी दाराशी ठेवून जातो. आज ठेवून गेला नाही, आत आला.

रिपेका म्हणाली, बरा आलास, एक सही हवी आहे. मी तिला टेबलाखालून लाथ मारली, ती तिला लागली नाही. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. पण हा माणूस पेट्रोलची पावतीही दोनदा वाचतो. ओट्याशी उभा राहून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून त्याने सगळं वाचलं. पातेल्याशी हसला. सहाव्या कलमाशी चष्मा काढून पुसला. सातवं दोनदा वाचलं. मी कोंबड्यांकडे बघत होते.

मग त्याने मला बोटाने खूण केली, सही कर. मला वाटलं, वाचून झालं, आता जाईल आणि पोस्टमास्तरला ओढून आणेल, त्याच्यासमोर हवी तर पुन्हा सही करू. मी सही केली. रिपेकाने केली. आणि ऑब्रीने कागद स्वतःकडे ओढून घेतला, चौथ्या कलमावर बोट ठेवून मला दाखवलं, साक्षीदाराला काही मिळत नाही, आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

मी उठूनच उभी राहिले. इतक्या वर्षांनी चेकलिस्टबाहेरचं पहिलं वाक्य माझ्या तोंडून आलं ते असं: "अरे गाढवा, आता ते लिंडसेकडे जाणार!"

"तू मेलीस तर," ऑब्री म्हणाला.

"मग? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हणून तर केली सही. मला तुझं इंजिन तू मेल्यावर नकोय, मर्टल. तुझ्या जागी ते काट्याकडे बघणारे गृहस्थ बसणार. टोंगापर्यंत वँव-वँव कोण ऐकेल?"

मी म्हटलं, मला उजव्या खुर्चीवर बसायची परवानगी नाही. तो म्हणाला, वैमानिकांच्या दोन्ही खुर्च्यांमागे एक घडीची खुर्ची आहे, तिला परवानगी लागत नाही, कान लागतात. लिंडसे आडवा येईल, मी म्हटलं. कॅप्टन मी आहे, तो म्हणाला, आणि एक फिजोआ चमच्याने खायला लागला.

रिपेका म्हणाली, "म्हणजे आता हिला मरायचं नाही, असं ठरलं का? मी चटणी परत देणार नाही."

मी दुसरं मृत्युपत्र करू शकते. पण विमेवाल्यांचा माणूस फाटकाशी हॉर्न वाजवतो आहे आणि त्याला फक्त कागद पूर्ण हवा आहे, शहाणपणाचा नको. त्यांच्या लेखी सगळं व्यवस्थित आहे. माझ्या लेखी असं झालं आहे, की मी मेले तर मेव्हिसच्या पोटात पाव विकले जातील. त्यामुळे मला मरणं परवडणार नाही, निदान हा दौरा होईपर्यंत, आणि ऑब्रीचं एकूण लक्षण बघता त्यापुढचेही.

रेनकोट मी दोरीवरून काढून बॅगेत भरला आहे. कलम ३ च्या गृहस्थांनी आपला आणावा. जाताना ऑब्री दारात थांबला, पाठ माझ्याकडेच होती, आणि टाकी भरल्यावर विचारतो तशा आवाजात त्याने विचारलं, "उजवं इंजिन?"

मी म्हटलं, "तयार."